डोंग्यातली रीत

मार्कंड्याच्या घाटावर उभे राहिले, की वैनगंगा उत्तरेकडे वळलेली दिसते. पलीकडचा तीर चंद्रपूर जिल्ह्याचा. महाशिवरात्रीला यात्रेकरूंची गर्दी; एरवी ये-जा शेतमजुरांची. मिरची तोडणीला गडचिरोलीकडच्या बाया पलीकडे जातात. पुलावरून फेरा मोठा, म्हणून नाव.

२०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ अशीच नाव उलटली. मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया बुडाल्या. तेव्हा पावसाळाही नव्हता.

डोंगा अरुंद. एकजण उभा राहिला तरी तोल जातो. म्हणून मधोमध, खाली बसावे. दुसरी नाव जवळून गेली तर पाहायला सगळ्यांनी एका बाजूला सरकू नये. घट्ट झाकणाची रिकामी कॅन जवळ ठेवावी; पाण्यात तिचा आधार होतो. तीर आला म्हणून उडी मारू नये, एकेकाने उतरावे.

आणि नावाडी ‘पुरे’ म्हणाला, की पुढच्याने तीरावरच थांबावे. ‘एकाने काय होते?’ असे आपणच म्हणतो, आणि त्याला भीड पडते. एक खेप चुकली तर थोडी मजुरी जाईल. संध्याकाळी घरची चूल मात्र पेटेल.