धर्माची गाय

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपण म्हणतो. पण गरीब माणूस ती पायरी चढत नसतो, त्याला चढवतात. मग शहाणपण दाखवायचे कोणी? त्याच्या वकिलाने.

हा वकील फुकट मिळतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. १९७६ साली घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले. पुढे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतला माणूस अशा कितीकांना मोफत वकिलाचा हक्क दिला. ज्यांना हे ठाऊक असते, ते नाक मुरडतात. धर्माची गाय, तिचे दात काय मोजायचे!

माझा एक जुना विद्यार्थी नागपुरात कायदा शिकतो. त्याला हेच काम करायचे आहे. वडील इतवारीत हमाल. ते मला म्हणाले, "गुरुजी, पोरगं पुण्य तं कमावन, पण घर कसं चालन?"

प्रश्न रास्त होता. २०२२ सालच्या नव्या योजनेत त्याला थोडेसे उत्तर आहे. फौजदारी खटल्यांत गरिबांचा बचाव करणाऱ्या पूर्णवेळ वकिलांना दरमहा मानधन मिळते. नवशिक्यालाही तिथे जागा आहे. खाजगी वकिली मात्र बंद, आणि नेमणूक कराराची.

एवढ्याने बापाची काळजी मिटत नाही. पण वकील तारखेला आला नाही, तर आत बसलेल्याचा मुक्काम वाढतो. वकील आरोपीला फुकट मिळावा. त्याने स्वतः फुकट राबू नये. आधी गायीला चारा घालावा, मग दात खुशाल मोजावेत.