शीर सापडल्यानंतर

परिचारिकेच्या कौशल्याची वॉर्डातली पारख बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून होते: तिला पहिल्या टोच्यात शीर मिळते की नाही. ‘या सिस्टरांचा हात हलका आहे’ असं रुग्ण म्हणतात, आणि रात्रपाळीला एखाद्या म्हाताऱ्या बाईंची शीर कुणालाच मिळेना झाली की शेजारच्या वॉर्डातून तिलाच बोलावणं जातं. ही दाद खोटी नाही. जुलाबांनी सुकून गेलेल्या तान्ह्या मुलाच्या मनगटावर चोवीस नंबरची पिवळी कॅन्युला बसवणं हे खरोखर कसबाचं काम आहे. पण याच एका कसबावर आपण पात्रता मोजतो, आणि तिथेच आपलं चुकतं, असं माझं ठाम मत आहे. शिरेवाटे उपचार करताना सुई टोचण्याला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर ती कॅन्युला दोन-तीन दिवस हातात राहते, आणि त्या सगळ्या तासांची राखण परिचारिकेकडे असते. रुग्णाला इजा झाली तर ती बहुधा याच तासांत होते. पुढे कुणी जाब विचारलाच, तर तोही याच तासांचा असतो.

शिरेवाटे दिलेलं औषध इतर औषधांसारखं नसतं. चुकीची गोळी पोटात गेली तर हालचाल करायला थोडा अवधी मिळतो. शिरेत गेलेलं औषध काही सेकंदांत हृदयाशी पोहोचतं आणि परत बोलावता येत नाही. पोटॅशियम क्लोराइडचं उदाहरण प्रत्येक परिचारिकेला पाठ असतं, तरी ते पुन्हा सांगण्यासारखं आहे. पंधरा टक्क्यांच्या 10 मिलीच्या अँप्युलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सलाईनमध्ये नीट मिसळून दोन तासांत किंवा त्याहून सावकाश दिलं तर ते औषध. तेच न मिसळता सिरिंजमधून थेट ढकललं तर हृदय बंद पडतं. दिसायला हा द्रव डिस्टिल्ड वॉटरइतकाच पारदर्शक. म्हणूनच तो औषधाच्या ट्रेमध्ये इतर अँप्युलांच्या शेजारी ठेवू नये, कुलपात वेगळा ठेवावा आणि दोघींनी मिळून वाचूनच काढावा, असा दंडक आहे.

साध्या सलाईनचंही तसंच आहे. एक लिटर आठ तासांत द्यायचं आणि सेट मिलीला वीस थेंबांचा असेल तर मिनिटाला बेचाळीस थेंब बसतात. बाजारात पंधरा थेंबांचेही सेट येतात, आणि आकडा फक्त वेष्टनावर छापलेला असतो. ते न वाचता बेचाळीस थेंब लावले तर तीच बाटली सहा तासांत संपते. तरण्याताठ्या माणसाला याने फारसा फरक पडणार नाही. हृदय कमजोर असलेल्या किंवा मूत्रपिंड थकलेल्या सत्तरीच्या रुग्णाला मात्र पहाटे धाप लागते, फुप्फुसांत पाणी भरतं, आणि कारण शोधायला गेलं तर कुठलंही चुकीचं औषध सापडत नाही. चूक फक्त वेगाची असते.

औषध शिरेबाहेर झिरपतं तेव्हा काय काय दिसतं, हे जवळून पाहायला हवं. आधी थेंब मंदावतात. कॅन्युलाच्या टोकापुढची कातडी ताणल्यासारखी, फिकट आणि हाताला गार लागते. जाणता रुग्ण सांगतो, ‘सिस्टर, चुरचुरतंय.’ लहान मूल नुसतं रडतं, आणि त्याच्या हाताला फळी लावून वरून पट्टी गुंडाळलेली असेल तर खालचं काही दिसतच नाही. बाटली खाली धरून नळीत रक्त येतं का ते पाहायची जुनी सवय आहे. पण टोक थोडं शिरेत आणि थोडं बाहेर असेल तर रक्तही येतं आणि औषधही झिरपत राहतं. साधं सलाईन झिरपलं तर सूज चढते आणि बहुतेकदा उतरते. कॅल्शियम, नॉरअॅड्रेनलिन, पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज किंवा कर्करोगावरची काही औषधं झिरपली तर कातडी काळी पडते, मांस झडतं, कधी कलम करावं लागतं. अशा वेळी ताबडतोब थांबवायचं, वर फ्लश मारून ‘मोकळं करून’ बघायचं नाही, कॅन्युला लगेच उपटायची नाही. तिच्यातूनच जेवढं ओढून घेता येईल तेवढं घ्यायचं, सुजेची कड पेनाने आखायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. सुई कितीही सफाईने टोचता आली तरी हे ज्ञान त्यातून येत नाही. ते वेगळं शिकावं लागतं आणि वेगळं तपासावं लागतं.

यावर सवयीचं उत्तर असं की त्यासाठी नियम आहेत; बहात्तर तास झाले की कॅन्युला बदला, म्हणजे झालं. हा नियम आमच्या अनेक पिढ्यांनी पाळला. पण 2012 साली ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 3283 रुग्णांपैकी काहींची कॅन्युला ठरल्या वेळी बदलली, काहींची गरज दिसली तेव्हाच. शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, सुमारे सात टक्के, निघालं. त्यातून रुग्णाला विनाकारण पुन्हा टोचायला नको, हा दिलासा मिळाला. माझ्या दृष्टीने त्याचा दुसरा अर्थ अधिक मोलाचा आहे. घड्याळ बाजूला झालं की त्याची जागा परिचारिकेच्या नजरेला घ्यावी लागते. ‘गरज दिसली तेव्हा’ म्हणायचं तर कुणीतरी पाहायला हवं, प्रत्येक पाळीत, पट्टीखालची जागा बोटाने दाबून आणि रुग्णाला विचारून. म्हणजे नवा पुरावा आमचं काम हलकं करत नाही. ते आमच्या निर्णयबुद्धीवर अधिक टाकतो.

आता कायद्याकडे येते. परिचारिकांमध्ये एक समजूत खोलवर बसली आहे: डॉक्टरांनी सांगितलं, आम्ही दिलं, जबाबदारी त्यांची. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्याचा 1998 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला की ही समजूत टिकत नाही. एका लहान मुलाला विषमज्वरासाठी क्लोरॅम्फेनिकॉल लिहिलेलं होतं. परिचारिकेने ते क्लोरोक्विन असं वाचलं, तेच मागवलं आणि शिरेतून दिलं. मुलाचं हृदय थांबलं. जीव वाचला, पण मेंदू कायमचा निकामी झाला. ती परिचारिका नोंदणीकृत पात्रतेची नव्हती. ज्या निवासी डॉक्टरला इंजेक्शन द्यायला सांगितलं होतं, त्याने ते तिच्यावर सोपवलं होतं. न्यायालयाने दोघांचाही निष्काळजीपणा मानला आणि भरपाईचा भार रुग्णालयावर टाकला: मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपये. या निकालात मला तीन चुकांची साखळी दिसते. अपात्र व्यक्तीला कामावर ठेवणारं व्यवस्थापन, आपलं काम खाली ढकलणारा डॉक्टर, आणि शंका न घेता औषध भरणारी परिचारिका. यांपैकी एकाने जरी थांबून विचारलं असतं तरी त्या मुलाची ही हानी टळली असती.

फौजदारी बाजू तर आता अधिक कडक झाली आहे, आणि याची चर्चा आमच्यात व्हावी तेवढी झालेली नाही. जुन्या दंडसंहितेच्या 304 अ कलमाखाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कुणालाही जास्तीत जास्त दोन वर्षं कैद होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 106व्या कलमाने ती पाच वर्षांवर नेली. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून असा मृत्यू घडला तर मात्र मर्यादा दोनच वर्षांची ठेवली. ही सवलत कुणाला, तर ज्यांची पदवी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य आहे आणि ज्यांचं नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे त्यांना. परिचारिकेची नोंदणी नर्सिंग कौन्सिलकडे असते. त्यामुळे कलमाचे शब्द पाहिले तर ती या व्याख्येबाहेर राहते. एकाच खाटेपाशी, एकाच इंजेक्शनसाठी, दोघांना दोन मापं लागावीत हे मला अन्यायाचं वाटतं आणि परिचारिका संघटनांनी ते ठामपणे मांडायला हवं. पण कायदा बदलेपर्यंत तो आहे तसा लागू आहे, हे विसरून चालणार नाही.

याला दुसरी बाजूही आहे, नाहीतर नवख्या मुली घाबरून सलाईनला हातच लावणार नाहीत. 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उपचाराचा परिणाम वाईट झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नाही, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी तो निष्काळजीपणा ढोबळ असावा लागतो. व्यावसायिकाला दोषी धरायचं ते दोनपैकी एका कारणाने: जे कौशल्य आपल्याकडे आहे असं त्याने मानायला लावलं ते त्याच्याकडे नव्हतंच, किंवा असूनही त्याने ते वाजवी काळजीने वापरलं नाही. मोजमापही असामान्य तज्ज्ञाचं नाही, त्या कामातल्या साधारण कुशल माणसाचं. मला या कसोटीत धाक कमी आणि आधार जास्त दिसतो. शिकलेली, तपासलेली आणि जागेवर असलेली परिचारिका या मापात बसते.

माणसांच्या कमतरतेचा आक्षेप मात्र सहज उडवून लावण्यासारखा नाही. रात्री एकटी परिचारिका तीस-चाळीस रुग्ण सांभाळत असेल तर प्रत्येक हाताची पट्टी दर पाळीला उचलून पाहायची कुणी? हे काम तिच्या निष्ठेवर सोडून देणं अन्यायाचं आहे, आणि कायदाही ते सगळं तिच्या एकटीच्या माथी मारत नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 साली शस्त्रक्रियेत पोटात कापड राहून एका स्त्रीचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारलाच जबाबदार धरलं. माणसं नेमण्याची आणि व्यवस्था उभी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. तरीही त्या रात्री परिचारिकेच्या हातात एक गोष्ट उरते, ती म्हणजे निवड. चाळीस बाटल्या सारख्या धोक्याच्या नसतात. पोटॅशियम, इनोट्रोप, रक्त, तान्ही मुलं, शुद्धीवर नसलेले आणि बोलू न शकणारे रुग्ण यांच्याकडे आधी जायचं. ओव्हर घेताना तेवढी नावं तरी वेगळी काढून घ्यायची. आणि संख्या आवाक्याबाहेर असेल तर ते इन्चार्जना तोंडी नव्हे, लिहून कळवायचं.

शिवाय त्या बाटल्यांपैकी कितींची खरंच गरज असते? आपल्याकडे अशक्तपणा आला की ‘एक सलाईन लावा, तरतरी येईल’ असा हट्ट घरचे धरतात, आणि बरेच दवाखाने तो पुरवतात. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली. सलाईन पुरेनासं झालं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजायला लावलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. ज्याला पिता येतं त्याला टोचायचं कशाला, हा प्रश्न सकाळच्या राउंडला परिचारिकेने विचारावा. तो विचारता येणं हीसुद्धा पात्रताच आहे. काढून टाकलेल्या कॅन्युलाची राखण करावी लागत नाही.

नोंदींबद्दल तक्रार अशी असते की लिहिण्यात वेळ जातो आणि रुग्ण बाजूला राहतो. ‘सलाईन चालू आहे, रुग्ण बरा आहे’ अशा नोंदी लिहायच्या असतील तर तक्रार खरी आहे. त्यांचा कुणालाच उपयोग नाही. पण हे पाहा: ‘रात्री 2.10, उजव्या हाताच्या पाठीवर 22 नंबर कॅन्युला, जागेभोवती लाली, दुखतं असं रुग्ण सांगतो, सलाईन बंद केलं, कॅन्युला काढली, 2.15 ला आरएमओंना कळवलं. डाव्या हातावर नवीन लावली, थेंब 20.’ लिहायला दोन मिनिटं लागतात. सकाळच्या पाळीच्या परिचारिकेला यावरून उजव्या हाताकडे लक्ष ठेवायचं हे कळतं. म्हणजे ही नोंद आधी उपचाराचा भाग आहे, पुरावा नंतर. पहाटे सहाला बसून रात्रभराचे चार्ट एका हाताने, एका पेनाने भरणं दोन्ही अर्थांनी घातक आहे: त्यातून रुग्णाचं काही कळत नाही, आणि चौकशीत अशी वही आपल्याच विरोधात बोलते. तोंडी ऑर्डरचंही तेच. फोनवर सांगितलेलं औषध, मात्रा आणि वेग परत म्हणून दाखवायचा, वेळ घालून लिहायचा, आणि डॉक्टर आले की सही घ्यायचीच.

जीएनएम किंवा बीएस्सीच्या प्रॅक्टिकलच्या वहीत एकदा झालेली सही आयुष्यभर पुरत नाही. एनएबीएचच्या मानकांत परिचारिकेची पात्रता तपासून तिला कोणत्या कामांची मुभा आहे हे ठरवण्याची अट आहे, पण छोटी नर्सिंग होम त्या चौकटीत क्वचितच येतात. अनुभवी परिचारिकांना ही फेरतपासणी अपमानाची वाटते, हे मला माहीत आहे. पण औषधं बदलतात, सेट बदलतात, पुरावा बदलतो. पंधरा वर्षांचा अनुभव बहात्तर तासांच्या नियमाचाही असू शकतो. म्हणून रुग्णालय चालवणाऱ्यांना माझी मागणी आहे: नवी असो वा जुनी, प्रत्येक परिचारिकेची थेंबांच्या हिशेबाची, औषध विरघळवण्याची आणि झिरपलेली जागा ओळखण्याची परीक्षा वर्षातून एकदा वॉर्डातच घ्या, आणि रक्त, केमोथेरपी व इनोट्रोप यांची मुभा प्रत्येकीला स्वतंत्रपणे, लेखी द्या. आणि माझ्या सहकाऱ्यांनो, अशी लेखी मुभा मिळाली नसेल तर ती मागा. अक्षर लागलं नाही, मात्रा पटली नाही, तर सिरिंज ट्रेमध्ये ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत.