मगरिब ते इशा: बांधावरची सायकल शर्यत

रात्रीची शर्यत म्हटलं की आपल्या आया-बहिणींच्या काळजात धस्स होतं. त्याला कारणही आहे. शब-ए-बरातच्या रात्री मोटारसायकली पिटाळू नका, असं आवाहन दरवर्षी मशिदींतून होतं, पोलीस नाकाबंदी लावतात, तरी काही मुलं ऐकत नाहीत. आमच्या कोकणातल्या गावानेही अशा रात्रीनंतर एक जनाजा उचलला आहे.

त्यानंतर आम्ही पाच-सहा जण एकत्र बसलो. दोन शिक्षक, एक सायकल दुरुस्तीवाला, आखातातून परतलेला एक इलेक्ट्रिशियन आणि दोन मुलांच्या आया. मुलांना नुसतं ‘जाऊ नका’ म्हणण्यापेक्षा ‘इकडे या’ म्हणता आलं पाहिजे, एवढंच त्या दिवशी ठरलं.

युरोपात सायक्लोक्रॉस नावाचा खेळ आहे. शेतातून, चिखलातून, वाळूतून सायकल चालवायची. अडथळा आला की उतरून सायकल खांद्यावर घ्यायची आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसायचं. फ्रान्समध्ये 1902 साली याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. 1910 ची टूर द फ्रान्स जिंकणारा ऑक्टाव्ह लापीझ याच खेळात तयार झाला होता. बेल्जियममध्ये ब्रसेल्सजवळच्या डीगेम गावात तर डिसेंबरच्या अंधारात, दिव्यांच्या उजेडात ही शर्यत होते आणि गर्दी लोटते.

आमच्याकडे भातकापणीनंतर खाचरं मोकळीच असतात. त्या खेळाच्या नियमांत आडव्या फळीची उंची 40 सेंटीमीटरपर्यंत चालते. आमचे बांध साधारण तेवढेच. पण बांध ही कोकणात नाजूक गोष्ट. त्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. म्हणून बांधाच्या दोन्ही बाजूंच्या मालकांना विचारल्याशिवाय मार्ग आखायचा नाही आणि ढासळलेली माती दुसऱ्या दिवशी फज्रनंतर आपणच लावून द्यायची, हा पहिला नियम झाला. वाल-पावटा पेरलेल्या शेताकडे फिरकायचंही नाही.

मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी हरकत घेतली. इशानंतर विनाकारण जागणं प्रेषित (स.) यांना पसंत नव्हतं, मग हे कशाला? त्यांचं म्हणणं रास्त होतं आणि त्यातूनच वाट निघाली. डिसेंबरात सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो. आमच्या मशिदीत इशाची जमात आठला. मधल्या वेळात पुरेसा अंधार असतो आणि सायक्लोक्रॉसला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही. ही शर्यत अंतरावर नाही, घड्याळावर चालते. पहिल्या फेऱ्यांचा वेळ पाहून एकूण फेऱ्या ठरतात. पुढच्या मुलाच्या शेवटच्या फेरीला घंटा वाजते. त्याने रेषा ओलांडली की मागचे सगळे आपापली चालू फेरी पूर्ण करून थांबतात. कुणी चार फेऱ्या केल्या, कुणी सहा, पण सगळे जवळपास एकाच वेळी बाहेर येतात. सर्वांत मागे राहिलेला मुलगा अंधाऱ्या शेतात एकटा फिरत राहत नाही. आयांना हा नियम सगळ्यात जास्त आवडला.

प्रेषित (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या. तयार केलेल्या घोड्यांना लांबचं अंतर आणि तयारी नसलेल्यांना मैलभराचं, असे दोन गट होते. आम्हीही तेच केलं. गिअरवाल्या महागड्या सायकली वेगळ्या, शाळेत जायच्या साध्या सायकली वेगळ्या. लहान मुलांची शर्यत आधी, वीस मिनिटांची. त्यात मुलीही उतरतात.

पैशाचा प्रश्न लगेच आला. सगळ्यांकडून फी घ्यायची आणि जिंकणाऱ्याला द्यायची, तर तो जुगाराचाच प्रकार होतो. म्हणून प्रवेश फी नाही. कुवेतला असलेल्या एका भावाने मोठं रोख बक्षीस देऊ केलं. आम्ही म्हटलं, त्यापेक्षा हेल्मेट द्या. ती आता गावची आहेत. हेल्मेट नसेल तर शर्यत नाही.

काम बरंच असतं. दुपारी मार्गावर चालत जाऊन खेकड्यांची बिळं बुजवायची, बांधाच्या कडांवर चुना टाकायचा. मंडपवाल्याकडून आणलेले दिवे मुलांच्या डोळ्यांवर न येता पाठीमागून पडतील असे लावायचे. प्रत्येक बांधावर दोन मोठी माणसं उभी करायची. फेऱ्या मोजायला दोन वह्या, म्हणजे वाद नाही.

पहिल्या वर्षी अकरा मुलं आली. तिसऱ्या वर्षी शेजारच्या दोन गावांतली आली. कुणबीवाडीतली मुलंही, आणि खाचरं त्यांच्याच वडिलांची. बक्षिसाची रक्कम वाढवा, लाऊडस्पीकर लावा, दहा वाजेपर्यंत चालवा, असे सल्ले मिळतात. आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. शर्यत वाढली ती वेळेत संपते म्हणून. आयांना मुलं घरी कधी येणार हे ठाऊक असतं म्हणून.

सगळीच मुलं सुधारली, असा आमचा दावा नाही. पण गेल्या हिवाळ्यात मोटारसायकलवाल्या टोळक्यातले तिघे आमच्याकडे आले. त्यांना शर्यतीत उतरायचं नव्हतं, बांधावर उभं राहायचं होतं. आम्ही त्यांच्या हातात शिट्ट्या दिल्या. सर्वांत खोल खाचराच्या बांधावर, जिथे लहान मुलं पडतात, तिथे ते तिघे उभे होते. इशाची अजान झाली तेव्हा त्यांनीच दिवे उतरवायला सुरुवात केली.