वाफेला वाट हवी

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये कपड्यांचा ड्रायर अजून घरघरतच होता. नऊ वाजता आत टाकलेल्या चादरी सूनबाईने चाचपून पाहिल्या. वरून ऊन ऊन लागल्या, पण गोळ्यात बोटे घातली तर आत ओल तशीच! तिने सुस्कारा सोडला आणि पुन्हा बटण दाबले.

पलीकडच्या खोलीत सासूबाई जाग्याच होत्या. ते यंत्र कुणापायी चालले आहे, हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

वाईहून त्यांना इकडे आणून महिना होत आला होता. वय अठ्ठ्याहत्तर. झोपेत लघवीवर ताबा राहीनासा झाला होता. गादीवर मेणकापड घातले तरी रात्रीतून दोनदा चादर बदलावी लागे, कधी कधी नेसूची नऊवारीसुद्धा. वाईला दिवाळीनंतर लख्ख ऊन पडते. सकाळी दोरीवर टाकलेले लुगडे दुपारपर्यंत खडखडीत वाळते. चेन्नईचे सारेच उलटे. इथे ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो तो डिसेंबरपर्यंत मुक्काम ठोकतो. वर्षभरातला निम्म्याहून अधिक पाऊस याच दिवसांत पडतो. संततधारेला तमिळमध्ये 'अडै मळै' म्हणतात. ती लागली की खोलीत पंख्याखाली टाकलेल्या कपड्यांनाही दोन-दोन दिवस कुबट वास येत राहतो.

म्हणून तर वर्षापूर्वी हप्त्यांवर ड्रायर घेतला होता. उन्हाळ्यात तो फारसा लागलाच नाही. आता खरी गरज पडली, तर एका खेपेला अडीच-तीन तास! नवरा कामानिमित्त महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. मेकॅनिकला फोन केला, तर त्याने ऐकूनच निदान केले, "कॉइल गेली असणार. बदलावी लागेल." खर्चाचा आकडा ऐकून सूनबाई गप्प झाली.

त्याच आठवड्यात तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. सासूबाईंच्या उशाशी रात्री ठेवलेला तांब्या सकाळी भरलेलाच असे. दिवसासुद्धा त्या घोटभरच पाणी घेत. एके दुपारी तिने विचारलेच, "आई, तुम्ही पाणी का पीत नाही?"

सासूबाईंनी आधी मान फिरवली. मग हळूच म्हणाल्या, "अगं, तुझं ते मशीन रात्र रात्र चालतं. विजेचं बिल काय थोडं येत असेल? मी पाणीच कमी प्यायले, तर तेवढीच एखादी चादर वाचेल."

सूनबाईला काय बोलावे ते सुचेना. इतके दिवस ती यंत्रावर चिडत होती, आणि तिचा प्रत्येक सुस्कारा सासूबाई स्वतःच्या खाती जमा करीत होत्या.

समोरच्या फ्लॅटमधल्या मामी निवृत्त प्राध्यापिका. एका कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलेले. संध्याकाळी फिल्टर कॉफीचा पेला हातात घेऊन त्या आल्या. सारी हकिगत ऐकून आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "हवा गरम येते ना? मग कॉइलला कशाला दोष देतेस? आधी मला सांग, चादरीतलं पाणी जातं कुठे?"

हा प्रश्न सूनबाईला कधी पडलाच नव्हता.

मामींनी समजावून सांगितले. ड्रायर पाणी नाहीसे करीत नाही. तो हवा तापवतो, ती हवा कपड्यांतली ओल उचलते आणि पाइपातून बाहेर जाते. पावसाळी हवेतही हे जमते. पंचवीस अंशांची, नव्वद टक्के आर्द्रतेची हवा साठ अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आत येते. म्हणजे ती पुन्हा तहानलेली होते. पण ओल प्यालेली हवा बाहेर गेलीच नाही आणि तीच पुन्हा आत खेचली गेली, तर ती बिचारी आणखी किती पिणार?

प्लग काढून दोघींनी ड्रायर पुढे ओढला आणि चोर सापडला. पाइपाचे तोंड एरवी खिडकीबाहेर असायचे. पावसाचे शिंतोडे येतात म्हणून सूनबाईने तो आत घेऊन खिडकी लावून टाकली होती. पुढे फरशी पुसताना यंत्र मागे सरकवले, तेव्हा पाइप भिंतीशी चेपून पार चपटा झाला होता. काचेवर पाण्याचे ओघळ आणि भिंतीला ओल. ही सारी वाफ चादरींतलीच होती, आणि सूनबाई मात्र पावसाला बोल लावीत होती.

पाइप झटकला तर आतून राखाडी तंतूंचा गठ्ठा निघाला. "हे फार वाईट," मामी म्हणाल्या, "हा कापसासारखा पेट घेतो. आग लागायला वेळ लागत नाही." मग त्यांनी जाळीचा फिल्टर नळाखाली धरला. वरवर स्वच्छ दिसत होता, पण पाणी जाळीतून गळेना, वरच साचून राहिले. कपडे मऊ राहावेत म्हणून घालतात त्या द्रवाचा चिकट थर तिच्यावर बसला होता. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश फिरवला, तेव्हा कुठे जाळीने श्वास घेतला.

तिसरी चूक सूनबाईने मायेपोटी केली होती. सासूबाईंची जुनी नऊवारी विरू नये म्हणून ती सारेच कपडे धुलाई यंत्रात नाजूक कपड्यांच्या बटणावर धूत असे. त्यात पिळणे अगदी हलके. प्रवासाची बॅग मोजायच्या हुकाच्या काट्याला दोघींनी कपड्यांचे बोचके टांगून पाहिले. कोरडे तीन किलोचे कपडे हलक्या पिळण्यानंतर सहा किलो भरले. दुसऱ्या दिवशी तेच कपडे जोरात पिळून काढले, तर पावणेपाच किलोच्या आत! सव्वा लिटरहून अधिक पाणी ड्रायरच्या दाराबाहेरच राहिले. एक लिटर पाण्याची वाफ करायला निदान ०.६ युनिट वीज लागतेच लागते. पिळायला त्या मानाने नगण्य.

मग नऊवारी वेगळी सुकवायची ठरले. चादरींबरोबर टाकली की ती दोरखंडासारखी त्यांना वेढे घालते आणि मधली ओल मधेच राहते. चादरीही एका वेळी दोनच, आणि अर्ध्यावर थांबून एकदा झटकून पुन्हा आत घालायच्या. पाइप सरळ करून खिडकीच्या वरच्या फटीतून बाहेर काढला, त्याला पावसापासून छोटे पत्र्याचे झाकण केले.

ज्यांच्या घरी असा ड्रायर असेल त्यांनी मेकॅनिकला बोलावण्याआधी एवढे तरी पाहावे. जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करावी, पाइप आखूड, सरळ आणि धातूचा असावा. ज्या ड्रायरला पाइप नसतो, वाफेचे पाणी टाकीत जमते, त्याची टाकी रिकामी आणि आतल्या जाळ्या स्वच्छ ठेवाव्यात. घरातले व्होल्टेजही पाहावे. २३० चे २०० झाले, तर कॉइलची उष्णता जवळजवळ चतुर्थांशाने घटते. एवढे करूनही हवा गरम येत नसेल, तर मात्र कॉइल किंवा थर्मोस्टॅट तपासणे जाणकाराचेच काम.

एक काम मात्र मामींच्या शास्त्राने होण्यासारखे नव्हते. सूनबाई सासूबाईंना डॉक्टरांकडे घेऊन गेली. आधी त्या तयारच होईनात. "या वयात असल्या गोष्टी काय सांगायच्या?" डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सारे विचारून घेतले. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते, मूत्राशयाला चुरचुर लागते आणि त्रास वाढतो, हे त्यांनी सांगितले. औषध दिले, स्नायूंचे साधे व्यायाम शिकवले. दिवसा पुरेसे पाणी, झोपण्याआधी दोन तास मात्र बेताने. वयोमान म्हणून हे मुकाट सोसायचे नसते, असेही बजावले.

चादरी एका रात्रीत थांबल्या नाहीत. पण दोनाची एक झाली, आणि एखादी रात्र कोरडीही जाऊ लागली.

त्या संध्याकाळी बाहेर अडै मळै धो धो कोसळत होता. सव्वासात वाजता लावलेला ड्रायर साडेआठला थांबला. घर एकदम शांत झाले. सूनबाईने चादर बाहेर काढून सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती गालाला लावून पाहिली. वाईच्या उन्हात वाळल्यासारखी खडखडीत!

"झालंसुद्धा?" त्या म्हणाल्या.

"झालं, आई. दोष तुमचाही नव्हता आणि त्याचाही नव्हता. मीच खिडकी लावून बसले होते."

सासूबाई हसल्या. चादरीची घडी घालता घालता म्हणाल्या, "अगं, तो तांब्या दे बघू इकडे. मघापासून घसा कोरडा पडलाय."