गाडीचे नाक

माणसाच्या अवयवांत नाकाइतका उपद्व्यापी अवयव दुसरा नाही. ते मुरडता येते, घासता येते आणि वाटेल त्याच्या घरात खुपसता येते. गाडीला मात्र नाक नव्हते, हे तिचे भाग्य. तेही विज्ञानाच्या डोळ्यांत खुपले. १९७६ साली व्होल्वो कंपनीने आपल्या गाडीच्या धुराच्या नळीत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर बसवला. शिसे हे या नाकाला विष. आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये आधी चार महानगरांत आले आणि पुढे यथावकाश ते नाक आमच्या पनवेलपर्यंत पोहोचले.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काकू आहेत. कोणाकडे काय शिजतंय आणि काय करपलंय, हे त्या जिन्यातूनच सांगतात. सेन्सरचा धंदा हाच. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झाले, की धुरात प्राणवायू जवळजवळ उरत नाही. मग हा गृहस्थ सुमारे ०.९ व्होल्टची आरोळी ठोकतो. कमी झाले, की ०.१ वर येऊन पुटपुटतो. ते ऐकून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलचे माप बदलतो. फरक एवढाच, की हे नाक तीनेकशे अंश तापल्याशिवाय चालत नाही, म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो. काकूंना तो लागत नाही.

तर गणपती चार दिवसांवर आलेले, चिपळूणला आई वाट बघतेय, एसटी आणि रेल्वे दोन्ही भरलेल्या, आणि अशा मुहूर्तावर आमच्या गाडीत इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितले, "दोन्ही सेन्सर बदलावे लागतील. गाडी गणपतीनंतर मिळेल."

"अहो, मग गणपतीलाच सांगा ना, जरा उशिरा या म्हणून!" सौभाग्यवती म्हणाल्या.

खालच्या मजल्यावरचे नाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बंद दाराआडून नुसत्या आवाजावर इंजिनाचे दुखणे सांगणारा माणूस. पण वर्षभर त्यांची हत्यारांची पेटी उघडली नव्हती. इंजिनीअरिंगला असलेला नातू एकदा सहज बोलून गेला होता, "आजोबा, आताच्या गाड्या कॉम्प्युटरवर चालतात. तिथे कान नाही चालायचा." नाना तेव्हा काही बोलले नव्हते. तेव्हापासून पार्किंगमधल्या बाकावर बसून ते पेपर वाचत, जाहिरातींसकट.

नातवाने स्टिअरिंगखाली एक डबी खोचली आणि मोबाइलवर वाचले, "पी-०१३५. पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट."

पेपर खाली आला. "पुढच्याचा हीटर? मग मागच्याने काय पाप केलंय?"

नाना उठले. आधी फ्यूज पाहिला, शाबूत. वायर पाहिली, कारण पावसाळ्यात पनवेलचे उंदीर बॉनेटखाली बिऱ्हाड करतात, तीही शाबूत. मग सेन्सरचा जोड सोडवून हीटरच्या दोन तारांना मीटर लावला. काटा जागचा हलेना. "शेगडीची कॉइल तुटलीय. एकच आणा, साहेब. पण नंबर आणि जोड ताडून आणा."

संध्याकाळी सेन्सरच्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारले. सकाळी इंजिन दोन मिनिटे चालवून नळी कोमट केली, बॅटरीची तार काढली आणि नानांनी बावीसचा पाना लावला. एव्हाना अर्धी बिल्डिंग जमली होती. हातोडा मारा, पान्याला पाइप लावा, दुसरा मेकॅनिक बोलवा, अशा तिन्ही सूचना एकाच गृहस्थांनी केल्या. काकूंना जिन्यातूनच काहीतरी जळल्याचा वास आला.

"लोखंडाशी भांडायचं नसतं. त्याला पटवायचं असतं," म्हणत नानांनी पुन्हा तेल सोडले, थांबले, पाना किंचित पुढेमागे केला. 'कर्र' झाले आणि तो सुटला.

नवा सेन्सर नातवाच्या हाती देताना नाना म्हणाले, "टोकाला बोट लावू नको. पेस्ट फक्त आट्यांवर, आणि ती आधीच लावलेली आहे. पहिले आटे हाताने बसव. तिरका गेला तर नळीच बदलायची वेळ येईल. मग पाना, पण बेताने."

नातवाने निमूटपणे बसवला. जोड लावला, बॅटरी जोडली, डबीतून जुना दोष पुसला. पळस्पे फाट्यापर्यंत जाऊन आलो. दिवा लागला नाही. मोबाइलवर व्होल्टचा आकडा खालीवर, खालीवर होत होता. नाना तो बराच वेळ बघत राहिले.

"श्वास घेतंय," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चिपळूणला निघालो. नातू नानांची पेटी उघडून एकेक पाना पुसत होता आणि हा कशाचा, तो कशाचा, असे विचारत होता. नाना पेपरातून डोके न काढता उत्तरे देत होते. नाक मात्र जरा वर होते.