हळू आवाजाचा वाचक

दिवाळी सरते, हलके धान घरात येते आणि लाखांदूर तालुक्यातल्या गावांना मंडईचे, म्हणजे गावच्या जत्रेचे, वेध लागतात. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात. दिवसा दंडारीचा लोकखेळ रंगतो, रात्री शामियान्यात नाटक. चुलबंद याच तालुक्यात वैनगंगेला मिळते आणि शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात वडसा आहे. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे ते माहेरघर. तिथून निघालेल्या गाड्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावोगावी जातात आणि हिवाळ्याच्या रात्री पहाटेपर्यंत जाग्या ठेवतात.

२०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीतल्या किती तरी नाटकवेड्या घरांना तो मान आपल्याच अंगणात आल्यासारखा वाटला. नटांची नावे फलकावर असतात, लोकांच्या तोंडी असतात. माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ, फलकावर कधी नव्हते. ते प्रॉम्प्टर होते. आता ते नाहीत, आणि वाचन म्हणजे काय हे मला कळले असेल तेवढे त्यांच्याकडूनच कळले, म्हणून हे लिहिणे.

रंगमंचापुढच्या खड्ड्यात, ऑर्गन-तबल्याच्या शेजारी, गुडघ्यावर वही घेऊन ते बसत. नट चार गावांहून आलेले, आज हे नाटक तर उद्या दुसरे, तालमी जेमतेम. सगळ्या रात्रीचा शब्द त्यांच्या हाती असे. आवाज फार खाली गेला तर नटापर्यंत पोचणार नाही, वर गेला तर पहिल्या रांगेतली पोरे हसतील. त्या दोन्हींच्या मधल्या अरुंद वाटेवरून ते रात्रभर चालत. रडायचे नटाने, चिडायचे नटाने; यांनी शब्द द्यायचा आणि मागे सरायचे. सावकाराच्या दारात बाप हात जोडतो, भाऊ भावाला घराबाहेर काढतो, शामियान्यात बाया पदर डोळ्यांना लावतात. आणि ज्याच्या तोंडून ते वाक्य सर्वांत आधी निघाले, तो माणूस पुढच्या ओळीवर बोट ठेवून बसलेला.

त्यांची नजर मात्र वहीत कमी आणि नटाच्या चेहऱ्यावर जास्त असे. विसरलेला नट आणि मुद्दाम थांबलेला नट यांतला फरक त्यांना गळ्याच्या हालचालीवरून कळे. विसरला त्याला शब्द द्यायचा. थांबला त्याची शांतता मोडायची नाही. उभ्या आयुष्यात मी यापेक्षा मोठे वाचन पाहिलेले नाही.

घरी ते झाडीबोलीत बोलत. तिथे डोळ्याचा ‘डोरा’ होई आणि पाण्याचे ‘पानी’. वही उघडली की ‘ळ’ आणि ‘ण’ लखलखीत उमटत. एकाच जिभेवर दोन्ही बोल्या सुखाने नांदत, आणि एकीसाठी दुसरीला त्यांनी कधी खाली बसवले नाही.

लिहीतही असत. उन्हाळ्यात परसात बसून फाटत आलेल्या वहीची नवी नक्कल करायची, हे त्यांचे काम. त्याच वहीच्या मागच्या पानांवर दुसरेच जग होते: पऱ्हे कधी टाकले, पाऊस कधी दडी मारून बसला, बोडीत पाणी किती उरले, कोणाचा बैल आजारी, गावातले कोण गेले. रोवणीला चिखलात वाकलेल्या बायांची गाणी बांधावर उभे राहून ऐकायची आणि रात्री आठवतील तेवढी उतरवून ठेवायची. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता, १९५५ साली आलेला तो ग्रंथ, फडक्यात बांधून देवळीत ठेवलेला असे. विचाराने जगायचे म्हणून त्यांनी शेत सोडले नाही की गाव सोडले नाही. दिवसभर जे पाहिले ते संध्याकाळी लिहून काढले आणि लिहिल्यामुळे दुसऱ्या दिवशी ते अधिक नीट पाहिले. एवढीच त्यांची साधना होती, आणि ती एका जन्माला पुरली.

२०२० च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला आणि चुलबंदही फुगली. पाणी ओसरल्यावर वह्या दोरीवर वाळत घातल्या. शाईने लिहिलेल्या वह्यांचे नुसते निळे डाग उरले; बॉलपेनच्या तेवढ्या वाचल्या. त्या हिवाळ्यात करोनामुळे आमच्या गावात पडदाही उघडला नाही. मोठेबाबा पडवीत बसून वाचलेल्या वहीतून नाटक वाचत. समोर नट नाही, वाद्य नाही, प्रेक्षक नाही. आवाज तोच, अर्ध्यावर धरलेला. मध्येच थांबत, नटाला त्याची जागा देत, आणि मग पुढची ओळ. त्यानंतर पुन्हा मंडई भरू लागली, कंपन्या निघाल्या. त्या रात्री त्यांना लाभल्या नाहीत.

मोठेबाबा, तुम्ही गेलात त्या दिवशी घरात शब्द सुचेना. तुमच्या मागे उरलेल्या मोठ्याईशी काय बोलावे, हे आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हते. मग कोण्या काळी तुमच्या मांडीशी बसून ऐकलेले एक वाक्य ओठांवर आले. कुठल्या नाटकातले ते आठवत नाही. मी ते बोललो आणि मोठ्याई रडली, जे तिला सकाळपासून जमले नव्हते. ते वाक्य तुम्ही किती आधी देऊन ठेवले होते! त्या दिवशी उमगले, की तुम्ही आम्हा सगळ्यांच्या एक ओळ पुढे होता. आता आमच्या पुढे कोणी नाही.

पुस्तके अशीच वाचायची असतात, असे मला वाटू लागले आहे. जे दुःख अजून आपल्या दारात आलेले नाही, त्याचे शब्द ती आधी हातात देऊन ठेवतात. ते शब्द जवळ बाळगायचे, नासू द्यायचे नाहीत, आणि समोरचा माणूस अडला की हळूच त्याच्याकडे सरकवायचे. तो नुसता थांबला असेल, तर आपण गप्प राहायचे. हे ओळखण्यासाठी माणसांकडे नीट पाहावे लागते, आणि तसे पाहण्याला रोजचा दिवसच लागतो: रोवणीचा, आजारपणाचा, बाजाराचा. ज्याचे वाचन दुसऱ्याच्या अडल्या क्षणी उपयोगी पडते, त्याचे वाचन खरे. मोठेबाबांनी मला ही कसोटी दिली आहे, आणि माझ्या प्रत्येक वाचलेल्या आणि लिहिलेल्या पानाला मी ती लावत राहणार आहे.