आवळकाठीची बरणी

मार्गशीर्ष उजाडला की जिवतीच्या डोंगरपठारावरील आवळ्याची झाडे फळांनी लगडतात. कोलाम आणि गोंड कुटुंबे ही फळे वेचतात, उकळून बिया काढतात आणि फोडी उन्हात वाळवतात. हीच आवळकाठी. हिरडा व बेहडा यांच्या जोडीने तिचे त्रिफळा चूर्ण होते. येथील एका जैन व्यापाऱ्याच्या दुकानी वडिलांच्या काळापासून या तिन्हींची पोती येत. तिथीला घरात हिरवे वर्ज्य. तेव्हा ताटातील आंबटाची जागा आवळकाठी घेई. चौविहार पाळणारी मंडळी त्रिफळा रात्री न घेता सूर्यास्तापूर्वीच घेत.

एका हिवाळ्यात परदेशी असलेल्या पुतण्याने एल्डरबेरीच्या पाकाची बाटली पाठविली. सर्दी-तापावर युरोपात हे काळे फळ घरोघरी वापरतात. पाकात मध असल्याने ती बाटली उघडलीच गेली नाही. पण नातवाने माहिती काढली. ही फळे कच्ची खाल्ल्यास मळमळ व उलट्या होतात, ती शिजवावीच लागतात. काही लहान चाचण्यांत फ्लूची लक्षणे लवकर ओसरलेली दिसली, काहींत मुळीच नाही.

"म्हणजे नुसताच गाजावाजा!" शेठजी हसले.

"आजोबा, मग आपल्या बरणीवर काय लिहिले आहे?" नातवाने विचारले.

बरणीवर वडिलांच्या हस्ताक्षरात चिठ्ठी होती: 'आवळकाठी, सर्व ज्वरांवर रामबाण.' शेठजी निरुत्तर झाले. पण वडिलांचे अक्षर काढवेना.

आठवड्याने एक कोलाम बाई आवळकाठीचे गाठोडे घेऊन आली. माप झाले, पैसे मोजून दिले. त्यातलेच काही पुढे सरकवून ती म्हणाली, "शेठजी, पोराला तीन दिवस हुडहुडी भरून ताप येतो. त्या बरणीतले द्या. त्याने ताप जातो म्हणतात."

तिनेच वाळवलेले फळ ती औषध म्हणून परत विकत घेत होती. शेठजींचा हात बरणीच्या झाकणावर थांबला.

"बाई, आधी पोराचे रक्त तपासून घ्या," असे म्हणून त्यांनी नातवाला मोटारसायकल काढायला लावली. आरोग्य केंद्रात बोटातून रक्ताचा थेंब घेतला गेला. हिवताप निघाला. गोळ्यांचा क्रम पूर्ण झाल्यावर मूल बरे झाले. वनपट्ट्यातील हा ताप वेळेवर ओळखला नाही, तर मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेऊ शकतो.

त्या रात्री प्रतिक्रमणानंतर शेठजी बराच वेळ गप्प होते. माप उणे-अधिक करणे हा अचौर्य-अणुव्रताचा अतिचार. त्यांचा तराजू त्या दोषापासून आयुष्यभर मुक्त राहिला होता. पण मिथ्योपदेश आणि कूटलेख हे सत्य-अणुव्रताचे अतिचार आहेत, हे ते दरवर्षी पर्युषणात ऐकत आले होते. आणि ती चिठ्ठी वडिलांच्या काळापासून फळीवर उभी होती.

सकाळी त्यांनी ती जपून काढली आणि जुन्या वहीत ठेवली. नव्या चिठ्ठीवर लिहिले: 'आवळकाठी. रोजच्या आहारात उत्तम. ताप असल्यास आधी रक्त तपासा.'

आवळ्याचे गुण त्यामुळे घटले नाहीत. क जीवनसत्त्वात तो संत्र्यापेक्षा कितीतरी सरस आहे, आणि वाळवल्यावर ते काहीसे उणावले तरी पचनाला त्याची मदत होतेच. त्या वर्षी बरणीतला खप मात्र थोडा कमी झाला. नातवाने ते वहीत नोंदवले. शेठजींनी वाचले आणि काही न बोलता पान उलटले.